गाठ अजून दिसतेय, पण तिच्यात रक्त आहे का?

मूत्रपिंडातल्या गाठीच्या एम्बोलायझेशननंतर कोणते स्कॅन करायचे, कधी करायचे आणि रिपोर्ट कसा वाचायचा, याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यातले काही या वेळी घेतले आहेत. हा उपचार ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून कॅथेटर नावाची बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांद्या सूक्ष्म कण, अल्कोहोल किंवा धातूच्या कॉइल वापरून बुजवतात. पोट उघडत नाहीत आणि गाठ काढतही नाहीत. ती जागेवरच राहते, म्हणूनच नंतरच्या स्कॅनना इतकं महत्त्व आहे.

प्रश्न : माझ्या आईचं वय ५२. उजव्या मूत्रपिंडात अँजिओमायोलायपोमाची ७.८ सेंमीची गाठ होती, म्हणून एम्बोलायझेशन केलं. सहा महिन्यांनी सीटी केला, तर रिपोर्टमध्ये ६.३ सेंमीची गाठ शिल्लक असल्याचं लिहिलंय. एवढं करून दीडच सेंमी कमी? उपचार फसला का?

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेल्या मापांवरून तरी तसं मुळीच वाटत नाही. अँजिओमायोलायपोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती तीन गोष्टींची बनलेली असते : विचित्र बांधणीच्या रक्तवाहिन्या, स्नायूंच्या पेशी आणि चरबी. धोका आहे तो रक्तवाहिन्यांचा. त्यांच्या भिंती कमकुवत असतात, त्यांना ॲन्युरिझम म्हणजे फुगे येतात आणि ते फुटले की पोटात आतल्या आत मोठा रक्तस्राव होतो. गाठ ४ सेंमीहून मोठी असेल किंवा तिच्यातला फुगा ५ मिमी किंवा त्याहून मोठा असेल, तर उपचाराचा विचार करतात तो यासाठीच.

रक्तपुरवठा तोडला की रक्तवाहिन्यांचा आणि स्नायूंचा भाग आक्रसतो. चरबी मात्र फारशी हलत नाही. तिला मुळातच रक्त कमी लागतं आणि तिचा स्वतःचा काही उपद्रवही नसतो. त्यामुळे जिच्यात चरबी जास्त ती गाठ कमी लहान होते आणि जिच्यात रक्तवाहिन्या जास्त ती बरीच लहान होते. गाठ साफ नाहीशी होईल ही अपेक्षा ठेवली, तर चांगला निकालही वाईट वाटू लागतो.

आता मापाचं बघू. रिपोर्टमध्ये सहसा सगळ्यात लांब व्यास ठळक दिसतो, पण गाठ तिन्ही बाजूंनी लहान होत असते. लांबी, रुंदी आणि उंची सेंमीमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला ०.५२३ ने गुणा, म्हणजे घनफळ मिलिलिटरमध्ये मिळतं. आईंची गाठ आधी ७.८ × ६.४ × ६.० होती, म्हणजे सुमारे १५७ मिलि. आता ६.३ × ५.० × ४.९ आहे, म्हणजे सुमारे ८१ मिलि. व्यास १९ टक्क्यांनी घटला आणि गाठ जवळजवळ निम्मी झाली. दोन्ही विधानं एकाच गाठीबद्दलची आहेत. आमच्या मते घनफळ न देणारा रिपोर्ट रुग्णाला विनाकारण घाबरवतो.

आणि याहूनही महत्त्वाचा प्रश्न आकाराचा नाहीच. शिल्लक गाठीत रक्त जातंय का, हा खरा प्रश्न आहे. सीटीवर ते एचयू (हाउन्सफिल्ड युनिट) या एककात मोजता येतं, म्हणजे ऊती स्कॅनवर किती उजळ दिसते त्याचा आकडा. पाण्याचा आकडा शून्य, चरबीचा उणे. अँजिओमायोलायपोमातली चरबी साधारण उणे १० च्या खाली, बहुतेकदा बरीच खाली असते. गाठीच्या चरबी नसलेल्या भागावर एक छोटं वर्तुळ ठेवून कॉन्ट्रास्टच्या (रक्त जिथे पोचतं तो भाग उजळ दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) आधीचा आणि नंतरचा आकडा बघतात. समजा आधी ३४ होता आणि नंतर ४१ झाला. वाढ फक्त ७, म्हणजे तिथे रक्त पोचत नाही. ३४ चे ९० झाले, तर तो भाग जिवंत आहे. १० पेक्षा कमी वाढ म्हणजे पुरवठा नाही आणि २० किंवा अधिक म्हणजे आहे, असं ढोबळमानाने धरतात. मधले आकडे संशयाचे. वर्तुळ कडेला सरकलं, रुग्णाचा श्वास हलला किंवा शेजारच्या चकाकणाऱ्या मूत्रपिंडाचा परिणाम झाला, तरी एवढा फरक पडतो. तेव्हा मधल्या आकड्यावर लगेच पुन्हा एम्बोलायझेशनला धावायचं नसतं. एमआरआय करतात किंवा काही महिन्यांनी पुन्हा बघतात.

आईंच्या रिपोर्टमध्ये दोन वाक्यं शोधा : कॉन्ट्रास्ट घेणारा भाग शिल्लक आहे की नाही आणि ॲन्युरिझम दिसतो की नाही. ती नसतील, तर रेडिओलॉजिस्टना फोन करून पुरवणी रिपोर्ट मागा. स्कॅन पुन्हा करावा लागत नाही, प्रतिमा त्यांच्याकडे असतातच.

प्रश्न : भावाचं एम्बोलायझेशन होऊन ९ दिवस झाले. पहिले चार दिवस ताप आणि कुशीत दुखणं होतं, आता बरं आहे. तरी आम्ही काळजीपोटी सीटी करून घेतला. त्यात गाठ थोडी मोठी झालेली आणि आत हवेचे बुडबुडे दिसले. हा पू आहे का?

उत्तर : भावाचा ताप उतरलाय, दुखणंही थांबलंय, त्यामुळे ते पू असण्याची शक्यता कमी आहे. रक्त अचानक बंद झालं की गाठीतल्या पेशी मरतात, सूज येते, कधी आत थोडं रक्त साठतं, आणि गाठ काही काळ फुगते. उपचाराच्या वेळी कणांबरोबर गेलेली हवा आणि मरणाऱ्या ऊतींमधून सुटणारे वायू यांचे बारीक बुडबुडे सुरुवातीच्या दिवसांत जंतुसंसर्ग नसतानाही दिसतात. ताप, कुशीत दुखणं, मळमळ या त्रिकुटाला पोस्ट-एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात. तो सहसा काही दिवसांत ओसरतो.

मग घाबरायचं कधी? उतरलेला ताप पुन्हा चढला, थंडी वाजून येऊ लागली, किंवा आठवडा उलटला तरी ताप हटत नाही, पांढऱ्या पेशी वाढत चालल्यात, आणि स्कॅनमध्ये जाड कडेच्या पोकळीत द्रव आणि हवेची आडवी पातळी दिसतेय, तेव्हा गळूचा संशय घ्यायचा. अचानक कुशीत कळ, चक्कर, घाम, फिकटपणा, लघवीतून लालभडक रक्त यातलं काही झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं.

लक्षणं नसताना पहिल्या पंधरवड्यात स्कॅन करू नये, असं आम्ही आग्रहाने सांगतो. त्या काळातली सूज आणि बुडबुडे बघून चुकीचे निर्णय घेतले जातात. पहिला नियोजित स्कॅन साधारण ३ ते ६ महिन्यांनी आणि दुसरा वर्ष पूर्ण होताना करतात. त्यानंतर वर्षातून एकदा. काही वर्षं सगळं स्थिर राहिलं की अंतर वाढवता येतं. पण बुजवलेल्या भागाला नव्या फांद्या फुटून रक्तपुरवठा परत सुरू होणं अनेक वर्षांनंतरही घडतं, म्हणून तपासण्या पूर्ण सोडू नयेत.

प्रश्न : वय ५८, पुरुष, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. क्रिएटिनिन १.९. पाठपुराव्यासाठी सीटी करू की एमआरआय?

उत्तर : क्रिएटिनिनवरून थेट ठरवत नाहीत. वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे मूत्रपिंडं किती वेगाने रक्त गाळतात त्याचा अंदाज. तुमचा तो सुमारे ४० येतो. ३० च्या खाली असता तर सीटीसाठी देतात ते आयोडिनचं कॉन्ट्रास्ट टाळायला सबळ कारण होतं. ४० वर ते वर्ज्य नाही, पण तुमच्याकडे आधीच मूत्रपिंडाची शिल्लक कमी आहे आणि स्कॅन वर्षानुवर्षं करायचे आहेत. आम्ही तुमच्यासाठी एमआरआय निवडू.

दुसरं कारण किरणोत्सर्गाचं. पोटाच्या सीटीच्या एका फेरीत साधारण ८ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. निसर्गातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. गाठीतला रक्तपुरवठा बघायला किमान दोन फेऱ्या लागतात, एक कॉन्ट्रास्टआधीची आणि एक नंतरची. धमन्यांचे फुगे शोधायचे असतील तर कॉन्ट्रास्ट सोडल्यावर २५ ते ३५ सेकंदांनी घेतलेली धमनीची फेरीही हवी. लघवीच्या मार्गात कॉन्ट्रास्ट उतरल्यावरची, ८-१० मिनिटांनंतरची फेरी मात्र या पाठपुराव्यात बहुतेकदा लागत नाही. विचारून बघा, ती वगळली तर डोस तेवढा कमी होतो.

एम्बोलायझेशनमध्ये अल्कोहोलबरोबर लिपिओडॉल वापरलं असेल, तर एमआरआयचं पारडं आणखी जड होतं. लिपिओडॉल हे आयोडिनयुक्त तेल. ते गाठीत महिनोन्‌महिने अडकून राहतं आणि सीटीवर पांढरंफेक दिसतं. त्या पांढऱ्यात कॉन्ट्रास्टचा पांढरेपणा ओळखायचा कसा? कॉन्ट्रास्टआधीची फेरी न घेता केलेल्या सीटीत नेमकं हेच होतं : तेलालाच जिवंत गाठ समजलं जातं. एमआरआयवर ते तेल आड येत नाही.

एमआरआयची अडचण श्वासाची. प्रत्येक मालिकेला १५ ते २० सेकंद श्वास तसाच धरावा लागतो. आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमांची वजाबाकी करून रक्तपुरवठा बघतात. साठलेलं जुनं रक्त मुळातच उजळ दिसतं, म्हणून ही वजाबाकी आवश्यक असते. दोन वेळा श्वास वेगवेगळ्या जागी थांबला, तर मूत्रपिंड काही मिलिमीटर सरकतं आणि वजाबाकीत गाठीच्या एका कडेला खोटी उजळ कोर उमटते. श्वास सोडून थांबलं तर मूत्रपिंड पुन्हा त्याच जागी येण्याची शक्यता जास्त असते. घरी आठवडाभर सराव करा : श्वास सोडायचा आणि वीस आकडे मोजेपर्यंत थांबायचं.

सीटीच करायचा ठरला, तर कोपराच्या किंवा कोपराखालच्या शिरेत १८ किंवा २० गेजची सुई असू द्या. तळहाताच्या मागच्या बारीक शिरेतल्या २४ गेजच्या सुईतून कॉन्ट्रास्ट हळू सोडावं लागतं. मग धमनीची फेरी फिकी येते आणि फुगा असला तरी दिसत नाही. पाणी पीत राहा, कोरडं पडू नका. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली असेल, तर कॉन्ट्रास्टच्या वेळी बंद करून ४८ तासांनी रक्त तपासून सुरू करतात. तुमच्या आकड्याला त्याची सहसा गरज पडत नाही, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

प्रश्न : गाठीच्या धमनीत कॉइल आहेत. एमआरआय चालेल का?

उत्तर : हल्लीच्या बहुतेक कॉइल प्लॅटिनमच्या असतात. त्या चुंबकाने ओढल्या जात नाहीत आणि ठरावीक अटींवर एमआरआयसाठी सुरक्षित असतात. पण 'बहुतेक' या शब्दावर कुणीही मशीनमध्ये जाऊ नये. डिस्चार्ज कार्डावर कॉइलचं नाव, प्रकार आणि संख्या लिहून घ्या. उपचाराच्या वेळी मिळालेलं स्टिकर जपून ठेवा. कॉइलभोवती एमआरआयवर काळा ठिपका पडतो आणि सीटीवर चांदणीसारख्या रेघा उठतात. नेमका त्या जागचा छोटा फुगा दोन्हीत लपू शकतो. म्हणून कॉइल कुठे बसवल्यात हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला आधी माहीत असणं फार गरजेचं आहे.

प्रश्न : एका केंद्रात गाठ ५.२ सेंमी आली, महिनाभरात दुसरीकडे ५.९. खरं कोणतं?

उत्तर : दोन्ही खरी असू शकतात. एका ठिकाणी आडव्या कापावर मोजलं असेल, दुसरीकडे उभ्या. मूत्रपिंड शरीरात तिरकं असतं, त्यामुळे गाठीचा सगळ्यात लांब आस बऱ्याचदा आडव्या कापावर सापडतच नाही. मूत्रपिंडाबाहेर फुगलेल्या चरबीयुक्त गाठीत आणखी एक पेच असतो. गाठीची चरबी आणि मूत्रपिंडाभोवतीची नेहमीची चरबी सीटीवर एकाच करड्या रंगाच्या दिसतात. सीमारेषा कुठे मानायची यावर अर्ध्या सेंमीचा फरक सहज पडतो. गाठीतून जाणाऱ्या वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या कडेला पडलेली खाच यावरून अनुभवी डोळा कड ओळखतो.

उपाय असा : दोन्हीकडच्या सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि त्याच पातळीवर, त्याच दिशेने, त्याच फेरीत पुन्हा मोजायला सांगा. छापील फिल्म पुरेशी नसते. फिल्मवर एचयू मोजता येत नाही आणि कापही फिरवता येत नाहीत. एम्बोलायझेशनच्या आधीच्या स्कॅनची सीडी तर कधीच हरवू देऊ नका. तुलनेचा पाया तीच आहे. एक प्रत घरच्या संगणकावर उतरवून ठेवा.

प्रश्न : दरवेळी सोनोग्राफी केली तर नाही का चालणार?

उत्तर : दोन स्कॅनच्या मधल्या काळात चालेल, त्यांच्याऐवजी नाही. चरबी सोनोग्राफीवर चमकते, त्यामुळे गाठ सापडते आणि ढोबळ वाढही कळते. पण हात बदलला की माप बदलतं, आणि मेलेली चरबी व जिवंत चरबी सारखीच चमकते. डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला तर ती खरी माहिती. न दिसला तर मात्र प्रवाह नाहीच असं म्हणता येत नाही, कारण मंद प्रवाह सुटून जातो. सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट वापरून केलेली सोनोग्राफी वेगळी. ते बुडबुडे मूत्रपिंडाने गाळावे लागत नाहीत, त्यांतला वायू फुप्फुसावाटे निघून जातो. ईजीएफआर फारच कमी असेल तर हा चांगला पर्याय आहे, मात्र ती करणारा जाणकार हवा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे. ट्युबरस स्क्लेरोसिस (निरनिराळ्या अवयवांत गाठी येणारा जनुकीय आजार) आहे. दोन्ही मूत्रपिंडांत अनेक गाठी, एक फुटली म्हणून एम्बोलायझेशन झालं. त्याच्या तपासण्या कधी थांबतील?

उत्तर : थांबणार नाहीत, आणि ही गोष्ट त्याला आत्ताच समजावून सांगणं बरं. या आजारात बुजवलेली गाठ शांत राहिली तरी दुसऱ्या गाठी वाढत असतात. एरवी दर १ ते ३ वर्षांनी पोटाचा एमआरआय सुचवतात. एम्बोलायझेशननंतरच्या पहिल्या वर्षात त्याहून लवकर. आयुष्यभराचं गणित असल्यामुळे सीटी फक्त तातडीच्या प्रसंगासाठी राखून ठेवावा. मेंदूचा एमआरआयही त्याला ठरावीक काळाने लागतोच. दोन्ही एकाच दिवशी घ्यायला सांगा, म्हणजे सुई आणि कॉन्ट्रास्ट एकदाच होतं.

रिपोर्टमध्ये 'अनेक गाठी, पूर्वीसारख्याच' एवढं वाक्य अजिबात पुरेसं नाही. प्रत्येक मूत्रपिंडातल्या सगळ्यात मोठ्या दोन-तीन गाठींना क्रमांक देऊन त्यांचा तक्ता ठेवायला सांगा : जागा, तीन मापं, फुगा आहे की नाही. दरवेळी तोच तक्ता पुढे चालू ठेवायचा. वर्षातून एकदा ईजीएफआर आणि रक्तदाबही बघा, कारण प्रत्येक एम्बोलायझेशनमध्ये निरोगी मूत्रपिंडाचाही पाचरीसारखा एखादा तुकडा जायची शक्यता असते.

एव्हरोलिमस या औषधाबद्दलही तुम्ही विचारलंय. या आजारातल्या मूत्रपिंडाच्या गाठींसाठी अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. त्याने गाठी आक्रसतात, पण औषध थांबवलं की बहुधा पुन्हा वाढू लागतात. लक्षणं नसलेल्या, वाढणाऱ्या आणि ३ सेंमीहून मोठ्या गाठींसाठी ते आधी विचारात घेतात. फुटलेल्या गाठीसाठी एम्बोलायझेशनच, तेच तुमच्याकडे झालं.

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा कर्करोग आहे. वयामुळे शस्त्रक्रिया शक्य नव्हती, लघवीतून रक्त जात होतं म्हणून एम्बोलायझेशन केलं. त्यांनाही हेच वेळापत्रक का?

उत्तर : नाही. वर लिहिलेलं निरुपद्रवी गाठीचं आहे. वडिलांचा उपचार रक्तस्राव थांबवण्यासाठी होता, कर्करोग मुळापासून काढण्यासाठी नव्हे. त्यामुळे शिल्लक जिवंत भागाबरोबर मूत्रपिंडाची शीर, लसिका ग्रंथी, यकृत, हाडं आणि छातीचा सीटी हे सगळं बघावं लागतं. किती वेळा, हे पुढे कोणती औषधं द्यायची त्यावर कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. लघवी पुन्हा लाल झाली, तर गाठीने आजूबाजूच्या, म्हणजे कमरेच्या किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या धमन्यांतून रक्त ओढायला सुरुवात केली असेल. स्कॅन मागताना 'मूत्रपिंडाबाहेरचा रक्तपुरवठा बघावा' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसत्या मूत्रपिंडाच्या धमनीकडे बघितलं तर तो सुटतो.

प्रश्न : वय २९. दोन वर्षांपूर्वी ६ सेंमीच्या अँजिओमायोलायपोमाचं एम्बोलायझेशन झालं. आता बाळाचा विचार आहे. काय तपासू?

उत्तर : गरोदरपणात या गाठी वाढू आणि फुटू शकतात, म्हणून आधीच विचारलंत हे फार चांगलं केलंत. दिवस जाण्याआधी कॉन्ट्रास्टसह एमआरआय करा. गाठीचा रक्त घेणारा भाग शिल्लक आहे का आणि कुठे ५ मिमीच्या आसपासचा फुगा आहे का, हे दोन मुद्दे स्पष्ट व्हायला हवेत. असेल तर दुसरं एम्बोलायझेशन आत्ता करणं, पोटात बाळ असताना करण्यापेक्षा कितीतरी सोपं. नसेल तर निर्धास्तपणे पुढे जा.

एमआरआयसाठी देतात ते गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट गरोदरपणात टाळतात. दर तिमाहीत एकदा सोनोग्राफीत गाठ मोजून घ्या. बाळाच्या सोनोग्राफीच्या वेळीच सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे. शंका आली तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय करता येतो. प्रसूतिगृहाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : कोणत्या बाजूला गाठ आहे, एम्बोलायझेशन कधी झालं, कॉइल आहेत की नाहीत. मध्यरात्री कुशीत कळ आली, तर ड्युटीवरचा डॉक्टर तिला मुतखडा किंवा प्रसूतीच्या कळा समजू शकतो. त्या ओळी वाचल्या, तर तो आधी रक्तदाब बघेल आणि सोनोग्राफीचा प्रोब त्या कुशीवर ठेवेल.